विश्लेषण : काठी, खुर्ची, कमोड… ज्येष्ठांच्या वस्तू ज्येष्ठांच्या मापाच्या का नसतात?

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि दोन लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या नागरिकांच्या बँक खात्यात एकरकमी ३,००० रुपये जमा होतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कंबरेचा पट्टा अशा वस्तू घेण्यासाठी ही रक्कम आहे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘काठी केवढ्याला?’ ‘काठी किती उंचीची?’ हे मात्र क्वचितच विचारले जाते.

खरे तर दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. काठी लांब असेल तर खांदा वर उचलला जातो, आखूड असेल तर माणूस पुढे झुकतो. दोन्ही प्रकारांत आधार कमी होतो आणि तोल जाण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार जणांचा पडल्यामुळे मृत्यू होतो आणि त्यात साठीपुढील लोकांचे प्रमाण सर्वाधिक असते.

वस्तू शरीराच्या मापाची कशी करायची, याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ते ज्येष्ठांच्या बाबतीत कुठे कमी पडते आणि का, ते समजून घेऊ.

मानवमिती म्हणजे काय?

माणसाच्या शरीराची मापे शिस्तशीर पद्धतीने घेणे आणि त्यांचा अभ्यास करणे म्हणजे मानवमिती, अर्थात अँथ्रोपोमेट्री. शिंपी मापे घेतो, तोच हा प्रकार. फक्त एका व्यक्तीऐवजी हजारो लोकांची आणि ठरलेल्या पद्धतीने मापे घेतली जातात. कोणते माप शरीराच्या कोणत्या बिंदूपासून कुठपर्यंत घ्यायचे, याचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. त्याचा क्रमांक आयएसओ ७२५०.

ही मापे दोन प्रकारची असतात. पहिली स्थिर मापे : उंची, खांद्याची रुंदी, बसल्यावर डोळ्यांची पातळी, गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर. दुसरी हालचालीची मापे : हात वर किती पोहोचतो, कंबर किती वाकते, मूठ किती जोराने आवळता येते. तरुणांसाठी वस्तू बनवताना पहिल्या प्रकारावर बरेच काम भागते. ज्येष्ठांसाठी दुसरा प्रकार निर्णायक ठरतो.

‘सरासरी’ माणूस धरून वस्तू का बनवत नाहीत?

कारण असा माणूस जवळजवळ नसतोच. याचा प्रसिद्ध पुरावा अमेरिकेच्या हवाई दलातून आला. १९५० मध्ये तिथे ४,०६३ वैमानिकांची मापे घेण्यात आली. कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापे निवडून लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनी प्रश्न विचारला : या दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेले वैमानिक किती? उत्तर आले, शून्य. कुणाचे हात लांब होते तर पाय आखूड, कुणाची छाती भरदार होती तर कंबर बारीक. सरासरीवर बेतलेले कॉकपिट प्रत्यक्षात कुणाच्याच मापाचे नव्हते. पुढे खुर्ची आणि पेडल मागे-पुढे, वर-खाली करता येण्याची सोय आली, त्यामागे हा धडा होता.

म्हणून डिझायनर सरासरीऐवजी पर्सेंटाइल वापरतात. सीईटी आणि जेईईच्या निकालांमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. उंचीचे पाचवे पर्सेंटाइल म्हणजे असे माप, ज्याच्याहून बुटके लोक फक्त ५ टक्के असतात. ९५वे पर्सेंटाइल म्हणजे ज्याच्याहून उंच लोक फक्त ५ टक्के.

नियम सोपा आहे. जिथे हात पोहोचायला हवा, तिथे लहान मापाचा माणूस धरायचा. बसमधली दांडी बुटक्या प्रवाशाच्या हाताला लागली, तर उंच प्रवाशाच्या हाताला लागेलच. जिथे शरीर मावायला हवे, तिथे मोठ्या मापाचा माणूस धरायचा. दारातून सर्वांत रुंद माणूस गेला, तर बाकीचे जातीलच. आणि जिथे दोन्ही जमत नाही, तिथे वस्तू कमी-जास्त करता येईल अशी बनवायची.

मग ज्येष्ठांच्या बाबतीत अडचण कुठे येते?

पाचवे आणि ९५वे पर्सेंटाइल कोणाच्या मापांवरून काढले, यावर सगळे अवलंबून असते. ही मापे बहुतेक वेळा सैनिक, कामगार, विद्यार्थी यांची, म्हणजे तरुण आणि धडधाकट लोकांची असतात. सत्तरीतले शरीर हे विशीतल्या शरीराची छोटी आवृत्ती नसते. त्याचे प्रमाणच बदललेले असते.

चाळिशीनंतर दर दशकाला साधारण एक सेंटिमीटर उंची कमी होते आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, हाडे ठिसूळ झाल्यास मणके चेपतात, पाठीला बाक येतो. पण मांडीचे आणि नडगीचे हाड आखूड होत नाही. म्हणजे उंची घटते ती धडाची, पायांची नाही. त्यामुळे तरुणपणी सहज हाताला लागणारे फडताळ आता उंच वाटते, पण खुर्चीच्या बैठकीची उंची मात्र साधारण तीच लागते. सगळी मापे सरसकट दहा टक्क्यांनी कमी केली की झाली ज्येष्ठांची वस्तू, असे होत नाही.

काही मापे तर वाढतात. ब्रिटनमधील डॉक्टर जेम्स हीथकोट यांनी १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कानाची लांबी वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटरने वाढते. ऐकायला गंमत वाटेल. पण चष्म्याची काडी आणि श्रवणयंत्र बनवणाऱ्यासाठी ही कामाची माहिती आहे. कंबरेचा घेर वाढतो, पावले पसरट होतात. पाठीला बाक आल्यावर सदरा मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो. अशा वेळी ‘एक नंबर मोठा’ सदरा घेऊन प्रश्न सुटत नाही, कारण कापडच मागे जास्त आणि पुढे कमी लागते.

आणखी एक गुंता आहे. आजचा तरुण त्याच्या आजोबांपेक्षा उंच असतो, त्यामागे फक्त आजोबांचे वय हे कारण नसते. त्यांची पिढी मुळातच कमी उंचीची होती. म्हणजे आजच्या ऐंशीच्या व्यक्तीचे माप वीस वर्षांनंतरच्या ऐंशीच्या व्यक्तीला लागू पडेलच असे नाही. मोजणी एकदा करून भागत नाही.

खुर्चीचे गणित इतके अवघड का?

खुर्ची ही साधी वस्तू वाटते, पण ज्येष्ठांसाठी ती एक पेच असते. बैठकीची योग्य उंची म्हणजे गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर. ते ढोबळमानाने माणसाच्या उंचीच्या पाव भागाच्या आसपास असते. १४८ सेंटिमीटर उंचीच्या आजींसाठी ते सुमारे ३७ सेंटिमीटर होते. बैठक ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर त्यांचे पाय अधांतरी राहतात, मांडीच्या मागच्या भागावर दाब येतो आणि पायाला मुंग्या येतात.

मग खुर्ची ठेंगणी करावी का? तर तेही नाही. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघ्यांवर आणि मांड्यांच्या स्नायूंवर भार जास्त. बसायला चांगली ती उठायला वाईट, आणि उठायला चांगली ती बसायला वाईट.

यातून मार्ग निघतो तो इतर मापांमधून. हात टेकवून उठता येईल असे भक्कम हात खुर्चीला हवेत आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत. बैठक फार खोल नको, नाहीतर पाठ टेकली की पाय वर आणि पाय टेकले की पाठ अधांतरी. शिवाय बैठकीखाली जागा मोकळी हवी, कारण उठताना आपण पावले नकळत मागे घेतो. खालून बंद असलेल्या, खोल आणि मऊ सोफ्यातून आजी-आजोबांना कुणीतरी हात देऊन उठवावे लागते, त्याचे कारण अनेकदा त्यांच्या गुडघ्यांइतकेच त्या सोफ्यातही असते.

माप बरोबर असले की झाले का?

नाही. हात पोहोचला तरी झाकण उघडेलच असे नाही. वयानुसार मुठीची ताकद कमी होते. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी असेल, तर स्नायूंची ताकद कमी मानली जाते. म्हणजे बरणीचे झाकण, नळाची चावी, औषधाची बाटली आणि गॅसचा रेग्युलेटर बनवताना १८ किलोच्याही खालची मूठ गृहीत धरायला हवी.

हे पटवून देणाऱ्यांत अमेरिकी डिझायनर पॅट्रिशिया मूर यांचे नाव आवर्जून घेतले जाते. १९७९ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी त्यांनी ऐंशीच्या घरातल्या बाईचे सोंग घेतले. सांधे वाकू नयेत म्हणून पट्ट्या बांधल्या, नजर धूसर करणारा चष्मा लावला, कानात बोळे घातले. पुढची जवळपास तीन वर्षे त्या अधूनमधून याच वेशात अमेरिका आणि कॅनडातील शंभराहून अधिक शहरांत फिरल्या. दार ढकलणे, बसमध्ये चढणे, डबा उघडणे अशा साध्या गोष्टी किती अवघड होतात, हे त्यांनी अनुभवून नोंदवले. आज अमेरिकेतील एमआयटीच्या एजलॅबमध्ये ‘अ‍ॅग्नेस’ नावाचा खास पोशाख घालून तरुण डिझायनरांना हाच अनुभव दिला जातो.

१९९० मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सो कंपनीच्या ‘गुड ग्रिप्स’ या स्वयंपाकघरातील वस्तूंची कथाही अशीच. सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे साले काढण्याचा नेहमीचा पीलर धरता येत नव्हता. त्यातून जाड, मऊ, न निसटणाऱ्या मुठीचा पीलर जन्मला. तो ‘आजारी माणसांची वस्तू’ म्हणून विकला गेला नाही. मूठ दुखणाऱ्यांना जमला तो सगळ्यांनाच आवडला.

भारतात ज्येष्ठांची मापे उपलब्ध आहेत का?

काही प्रमाणात आहेत; पण विखुरलेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देवकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरील संदर्भग्रंथ प्रसिद्ध केला. फर्निचरपासून यंत्रांपर्यंत अनेक वस्तूंसाठी भारतीय डिझायनर आजही तो उघडतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतीच्या अवजारांसाठी देशभरातील शेतकरी व शेतमजुरांची ७९ शरीरमापे आणि ताकदीची १६ मापे यांचे संकलन केले. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण त्यांचा रोख प्रामुख्याने काम करत्या वयाच्या लोकांवर होता.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प तयार कपड्यांसाठी भारतीय साइझ ठरवण्यासाठी हाती घेण्यात आला. त्यात थ्रीडी स्कॅनरने सुमारे २५ हजार लोकांची मापे घेण्याचे ठरले. वयोगट होता १५ ते ६५. म्हणजे ज्या वयात शरीराचा आकार झपाट्याने बदलू लागतो, तिथेच मोजपट्टी थांबते.

दुसरीकडे, मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या पाहणीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता. त्यात उंची, वजन, कंबर आणि नितंबांचा घेर, मुठीची ताकद, तोल, चालण्याचा वेग हे सारे मोजले गेले. मात्र या पाहणीचा हेतू आरोग्य आणि आर्थिक-सामाजिक स्थिती समजून घेण्याचा होता. खुर्ची किंवा ओटा बनवणाऱ्याला लागणारी मापे हा तिचा विषय नव्हता.

तुलनेसाठी नेदरलँड्सचे उदाहरण घेता येईल. तिथल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात वयस्कर वापरकर्त्यांची मापे, ताकद, दृष्टी आणि हालचाली यांचा एकत्रित अभ्यास होऊन १९९८ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. विद्यापीठाच्या ‘डायनेड’ या संकेतस्थळावर शरीरमापे कुणालाही पाहता येतात.

परदेशी मापे वापरली तर काय बिघडते?

एक उदाहरण रुग्णालयातले. वाकलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची उंची मोजता येत नाही. पण आहार ठरवण्यासाठी ती लागते. अशा वेळी गुडघ्याच्या उंचीवरून अंदाज काढतात. त्यासाठीचे चुमलिया यांचे सूत्र १९८५ पासून वापरात आहे. स्त्रियांसाठी ते असे : ८४.८८ वजा (०.२४ गुणिले वय) अधिक (१.८३ गुणिले गुडघ्याची उंची). वय ७५ आणि गुडघ्याची उंची ४४ सेंटिमीटर असेल, तर उत्तर सुमारे १४७.४ सेंटिमीटर येते. हे सूत्र अमेरिकेतील वृद्धांच्या मापांवरून बनले आहे. धड आणि पाय यांचे प्रमाण लोकसमूहानुसार बदलते, त्यामुळे तेच आकडे इथे तंतोतंत लागू पडतील याची खात्री धरता येत नाही.

दुसरा मुद्दा सवयींचा. आपल्याकडे पाटावर जेवणे, मांडी घालून पूजेला बसणे, उकिडवे बसून भांडी घासणे, विळीवर भाजी चिरणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय ही रोजची कामे आहेत. त्यासाठी गुडघा किती वाकतो, जमिनीवरून उठताना हात कुठे टेकतो, ही मापे लागतात. टेबल-खुर्चीवर बेतलेल्या तक्त्यांतून ती सहसा मिळत नाहीत.

सार्वजनिक ठिकाणांसाठी नियम आहेत का?

आहेत. सार्वत्रिक सुगम्यतेसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत जिन्याचे कठडे ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर आणि ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचे गोल असावेत, असे सुचवले आहे. कमोडची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर सांगितली आहे. कठड्याची जाडी मुठीत मावणारी का हवी, हे तोल गेल्यावर कळते. रुंद संगमरवरी कठड्यावर हात टेकता येतो. पण पडताना तो पकडता येत नाही.

शहरी बसच्या केंद्रीय मानकांत बसच्या तळाची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा तीन प्रकारांत येते. ४०० आणि ९०० मधला फरक अर्ध्या मीटरचा, म्हणजे दोन-तीन पायऱ्यांचा आहे. राज्यात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, तर ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट. पण सवलतीचा लाभ घ्यायचा, तर आधी बसची पहिली पायरी चढता आली पाहिजे.

घरच्या घरी काय मोजता येईल?

काठी : रोजची चप्पल घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीवर यावी. काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. एक पाय दुखत असेल, तर काठी सहसा दुसऱ्या बाजूच्या हातात धरतात. खालचे रबर झिजले की लगेच बदला.

खुर्ची आणि पलंग : पाठ टेकून बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकतात का आणि कुणाचा हात न धरता उठता येते का, हे पाहा. ज्येष्ठांच्या पायांची ताकद तपासण्याच्या एका सर्वमान्य चाचणीत सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, हे मोजतात. तोल जात असेल, तर हा प्रयोग एकट्याने करू नये.

कमोड : बैठक ठेंगणी असेल, तर वर बसवायची उंच सीट मिळते. त्याआधी भिंतीला पक्की दांडी लावा. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो.

ओटा : हलक्या कामासाठी ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. नवीन घर किंवा नूतनीकरण करताना स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे कोपर मोजूनच गवंड्याला उंची सांगा. रोजचे डबे खांदा ते मांडी या पट्ट्यात ठेवा; स्टुलावर चढणे टळेल.

काठी आणि वॉकरची उंची फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेणे सर्वांत चांगले.

पुढे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोक १०.३८ कोटी होते, महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा ९.९ टक्के होता. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशात ही संख्या सुमारे ३४.७ कोटींवर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या पाचव्या भागावर जाईल. आज चाळिशीत असलेला या बातमीचा वाचक तेव्हा त्यात असेल.

लोक मोजण्याची यंत्रणा, थ्रीडी स्कॅनर, देवनारपासून अहमदाबादपर्यंतच्या संस्था, असे सगळे देशात आहे. मोजपट्टी ६५ वर थांबवायची नाही आणि मोजलेले आकडे काठी-खुर्ची बनवणाऱ्या छोट्या कारखानदारापर्यंत पोहोचवायचे, एवढेच उरते. खर्च नसलेला एक बदल तर आजपासून करता येण्यासारखा आहे. आई-वडिलांसाठी काठी घ्यायला जाताना त्यांना सोबत न्यावे. ते शक्य नसेल, तर त्यांच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर एका चिठ्ठीवर लिहून न्यावे.